तीन पेंढ्यांची नोंद

तालमीला मी गेले ती चुका काढायलाच.
त्यासाठीच बोलावलं होतं.
मानधन : दोन वेळचं जेवण,
आणि पत्रिकेत सर्वांत खाली, मुंगीच्या अक्षरात,
द्राहोमीरा व्हाव्रोवा, इतिहास-सल्लागार.

मोराव्हियातलं लहान गाव. मोडक्या मठाच्या अंगणात
फळ्या ठोकून रंगमंच.
राजा झालेला लुबोर एरवी ओलोमोऊत्सची बस चालवतो.
बिशप म्हणजे आमच्या दंतवैद्य बाईंचा नवरा,
आवाज असा की दाढ आपोआप हलावी.

पहिल्याच दिवशी मी वहीत लिहिलं :
मेजवानीतले बटाटे काढा,
ते अजून पावणेतीनशे वर्षं समुद्रापलीकडे आहेत.
राजाच्या पाठीवरची चेन झाका.
बिशपला चष्मा नको,
इटलीत नुकता निघालाय, इथवर पोचायचाय.
बिशप म्हणाले, मग मला पायरी दिसायची नाही.
बरं, म्हटलं, खिशात ठेवा.
मग आठवलं, खिसाही नव्हता तेव्हा.

दिग्दर्शक झ्बिन्येक सगळं ऐकायचा,
मान डोलवायचा,
आणि बटाटे तसेच ठेवायचा.

खरं भांडण झालं शेवटच्या प्रवेशावरून.
राजा अनवाणी येतो, बिशपच्या पायाशी कोसळतो,
ढसाढसा रडतो.
मी म्हटलं, असं काही झालेलंच नाही.
हे लिहिलं एका भिक्षूने, साठ वर्षांनी,
याच मठात बसून,
जेव्हा राजाचा नातू मठाची गिरणी परत मागत होता.
त्याला रडणारा आजोबा हवा होता.
झ्बिन्येक म्हणाला, मलाही हवाय.
तिकीट दीडशे क्राऊनचं आहे.

मी तणतणत ब्रनोला गेले, दप्तरखान्यात.
पुरावा आणून याच्या नाकावर टिच्चून वाचायचा,
हेतू एवढाच. फार थोर नाही.
तिसऱ्या दिवशी दुपारी
कोठीच्या हिशेबाची एक आक्रसलेली चर्मपट्टी,
तेच साल, तोच आठवडा :

पेंढा, तीन पेंढ्या, राजाच्या गुडघ्यांखाली.
सुतारास, ओटा हातभर उंच केल्याबद्दल,
मागे उभे असतील त्यांनाही दिसावे म्हणून.
घंटा वाजवणाऱ्यांस बिअर.
कांदे, अर्धी टोपली.

कांदे स्वयंपाकाचे असावेत.
बहुधा.

मी एकटीच मोठ्यानं हसले,
समोरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
म्हणजे झालं होतं.
म्हणजे केलं होतं.
कुणीतरी आदल्या संध्याकाळी सांगितलं असेल राजाला,
आधी डावा गुडघा, मग उजवा, तोंड लोकांकडे.
आणि तो खरंच शरमला होता का,
याची नोंद नाही. शरमेला
कोठीतून काही द्यावं लागत नाही.

परत आल्यावर झ्बिन्येकला मी काही बोलले नाही.
लुबोरला फक्त विचारलं, पेंढा घालू का रे खाली?
देव तुमचं भलं करो, म्हणाला,
तेवीस वर्षं क्लच दाबून गुडघा गेलाय माझा.

पहिल्या प्रयोगाला तो रडलाच नाही.
वाकला, हातानं चाचपत
गुडघा टेकायची जागा शोधू लागला,
म्हाताऱ्यानं अंधारात पलंग शोधावा तसा.
पेंढा वाजला. अंगण इतकं गप्प
की तो सगळ्यांना ऐकू गेला.
बिशपना चष्म्याविना डोकं सापडेना,
त्यांनी आशीर्वाद दिला तो कानाला.
कुणी तरी फिसकन हसलं.
तिसऱ्या रांगेत कुणी तरी नाक शिंकरलं,
सर्दी होती की काय, मला सांगता यायचं नाही,
आणि मी सल्लागार आहे.

रात्री वही उघडली.
लिहिण्यासारखं बरंच होतं.
लिहिलं एवढंच :
बटाटे अजून तसेच.